तुळजाच्या सहलीची तयारी

चकलांब्याच्या महिला दूध संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून वार्षिक सभेत सहल ठरली. दुष्काळाचं दुसरं वर्ष, जनावरं चारा छावणीत, आणि बायका निघाल्या औरंगाबादकडच्या वॉटर पार्कात! पुरुषांनी पारावर बसून टिंगल करायची तेवढी केली. गीताबाईला मात्र हसू येत नव्हतं. तिची नऊ वर्षांची तुळजा स्वमग्न होती. हा शब्द बीडच्या डॉक्टरांनी दिला. गावाने त्याआधीच नाही नाही ते शब्द दिले होते.

संस्थेच्या अध्यक्षा चंद्रभागाबाई भर सभेत म्हणाल्या, पोरीला मामाकडे ठेव, तिलाही सुख आणि आम्हालाही. मागे एका लग्नात बँड वाजायला लागल्यावर तुळजाने मांडव डोक्यावर घेतला होता, ते कोणी विसरलं नव्हतं. गीताबाईने तिथे मान डोलावली आणि घरी येऊन ठरवलं, पोर येणार म्हणजे येणार. या खेपेला काही झालं तर पुन्हा कोणी तिला कुठे नेणार नाही, हेही तिला कळत होतं.

मग ती हात धुऊन तयारीच्या मागे लागली. मोटारी दुरुस्त करणारा दिलावर त्या पार्कात कामाला जाऊन आला होता. त्याला खोदून खोदून विचारून तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढली: बस, फाटक, मनगटावरची कागदी पट्टी, रांग, घसरगुंडी, डबा, परत बस, घर. रोज सकाळी ती तुळजाला दाखवायची. सरावाला बनवलेली पट्टी पहिल्या दिवशी पोरीने टराटरा फाडली. आठव्या दिवशी ती बांधूनच झोपली. गोंगाटासाठी कानात कापूस घालून कडबाकुट्टीच्या धडधडत्या यंत्राजवळ उभं राहायचं, आधी लांब, मग जवळ. रांगेचा सराव टँकरने फुकटात करून दिला. भिजण्याचा सराव तेवढा राहिला. भिजायला पाणी आणायचं कुठून?

सहलीच्या दिवशी बस झाली, फाटक झालं, पट्टी झाली. गीताबाईचा जीव जरा भांड्यात पडतोय तोच पोहायच्या तलावाशेजारी शॉवरची रांग लागली. अकरा शॉवर, धो धो वाहताहेत, आणि बहुतेकांखाली माणूसच नाही.

तुळजाने आईचा हात झटकला. पहिला नळ बंद केला. मग दुसरा, मग तिसरा. शेवटाला पोचेपर्यंत कोणीतरी पहिला उघडलेला, की ही परत पळत तिकडे. डोळे मिटून खुशाल उभ्या असलेल्या एका गृहस्थाचंही पाणी तिने तोडलं. तो ओरडला, रखवालदार आला, म्हणाला मुलीला आवरा, नाहीतर बाहेर न्या.

आता काय सांगायचं पोरीला? थेंब सांडू द्यायचा नाही, हे गीताबाईनेच तिला शिकवलेलं. इथे पाणी सांडायलाच आलोत, हे कुठल्या चित्रात काढायचं होतं? तिने तुळजाचा दंड धरला. पोरीच्या घशातून घरघर सुरू झाली. किंकाळीच्या आधी ती येते.

एवढ्यात पदर खोचलेल्या, ओल्या चंद्रभागाबाई तरातरा आल्या. आता आपली खरडपट्टी काढतात, म्हणून गीताबाईने मान खाली घातली. त्यांनी एकवार त्या वाहत्या शॉवरांकडे बघितलं आणि रखवालदाराला विचारलं, "कशापायी बाहेर न्यायचं? आमच्याकडं आठ दिसाला टँकर येतोय. आमी समद्या डोळे झाकून भिजायलो, ह्या पोरीलाच तेवढं कळलं. ती आमच्या संस्थेची हाय. काढायचं तर समद्यांला काढा."

आणि त्यांनी हात लांबवून जवळचा नळ बंद केला. तुळजाने बघितलं. घरघर हळूहळू थांबली, आणि ती पुढच्या नळाकडे गेली.

त्या दिवशी तुळजाने तलावात पाय घातला नाही की घसरगुंडीकडे बघितलं नाही. महिन्याची चित्रं वाया गेली. चार वाजेपर्यंत ती नळांवर राखण करत होती, आणि संस्थेच्या बायका पाळीपाळीने तिच्या जोडीला उभ्या होत्या. माणूस हलला की नळ बंद, यात त्यांनाही मजा यायला लागली होती.

"तू जा, घसरून ये," चंद्रभागाबाई गीताबाईला म्हणाल्या. "मी हाय हितं."

नऊ वर्षांत असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. ती घसरगुंडीचा जिना चढली. वर पोचल्यावर तिला रडू फुटलं, ते खाली पाण्यात पडेपर्यंत आवरलं नाही. तोंडावरचं पाणी पुसून तिने लांबूनच पोरीकडे बघितलं, आणि पुन्हा घसरगुंडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.