हात दाखवला की थांबणारी जीप

ते २०१७ साल होते. ग्रामपंचायतीचा निकाल लागला आणि माझे धावणे संपले.

मित्रांनो, मी लोहाऱ्याची एक जुनी जीप आहे. नवी होते तेव्हा मला झेंडूचे हार घालून मिरवले होते. वऱ्हाडी, आजारी माणसे, कॉलेजच्या मुली, सभेला न्यायची गर्दी, सगळे मी वाहिले. रस्त्यात कुणी हात दाखवला की माझे ड्रायव्हर आयुबभाई यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. बायका मला माहेरची गाडी म्हणायच्या.

निवडणुकीत हरलेल्या रणधीरने त्या दुपारी मला भाड्याने ठरवले. "कंदुरीचं जेवण हाय, बोकड कापलंय," म्हणाला. त्याची पोरे मागे बसली. सीटखाली काठ्या सरकवल्या.

"जेवायला काठ्या कशाला, रणधीरराव?" आयुबभाईंनी विचारले.

"गावात कुत्री लई हायती. चला."

गाव दिसू लागले तसा एका म्हातारीने हात दाखवला. आयुबभाईंचा पाय ब्रेकवर गेलाच. रणधीर ओरडला, पण त्या म्हाताऱ्या विठाबाई तोवर चढल्या होत्या. युवराज नावाच्या पोराने त्यांना हात देऊन बसवले.

"लेकीकडं निघालेय. मल्लेश, जावई माजा, सरपंच झाला न्हवं!" मग त्यांच्या पायाला काठ्या लागल्या. "अगं बया, साप मारायला निघालाव का माणसं?"

युवराजने मान खाली घातली. विठाबाईंना उमगले.

"आयुब, लेकरा, गाडी फिरव!"

आयुबभाईंनी गाडी थांबवली आणि किल्ली बाभळीत भिरकावली. रणधीरने माझी काच फोडली. दुसरा घाव आयुबभाईंच्या डोक्यात घातला. माझे स्टेअरिंग रक्ताने निसरडे झाले. तेवढ्यात विठाबाई उतरून धावल्या आणि रस्त्यालगतच्या लेकीच्या दारात हात पसरून उभ्या राहिल्या. पहिली काठी युवराजने मारली, ती त्यांच्या मनगटावर. मग पोरांनी मल्लेशला अंगणात ओढले. त्याचा पाय मोडला तो आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.

मल्लेश आजही लंगडतो. विठाबाईंना त्या हाताने भाकरी थापता येत नाही. आयुबभाईंनी कोर्टात साक्ष दिली आणि अणदूरला चहाचे हॉटेल टाकले. युवराज तुरुंगात गेला. रणधीर जामिनावर सुटला. निवडणूक आली की अजूनही तो गाड्या ठरवतो.

मी पुरावा म्हणून जप्त झाले, तेव्हापासून पोलीस ठाण्यामागे गंजत उभी आहे. शाळा सुटल्यावर तुम्ही माझ्यात चढून ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळता, मला बरे वाटते. पण मित्रांनो, मोठे झाल्यावर कुणी गाडी दारात आणून 'बस' म्हणाला, तर चढण्याआधी विचारा, कुठे आणि कशाला. त्या दिवशी मागे बसलेल्या पोरांपैकी एकानेही विचारले नव्हते.