माझ्या पोटात भाकरी नव्हती

मी बोलतोय बेसिनच्या खालून. जरा वाका, म्हणजे दिसेन. हैदराबादच्या हिमायतनगरमधल्या एका फ्लॅटच्या बाथरूममध्ये, भिंतीतल्या पाइपला धरून जी बाटलीसारखी वस्तू बसली आहे ना, तो मी. खोक्यावर माझं नाव 'बॉटल ट्रॅप' असं छापलेलं होतं. या घरात मात्र मला नाव नाही. कधी विषय निघालाच, तर 'ते खालचं' म्हणतात.

माझं काम साधं आहे. पेलाभर पाणी कायम पोटात धरून बसायचं, म्हणजे गटाराचा वास वर येत नाही. शिवाय वरून जो काही गाळ येतो, तो आधी माझ्याकडे मुक्कामाला थांबतो. त्यामुळे या घरातलं कोण काय धुतं आणि काय सोडतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. उपयोग काय? मला तोंड आहे, पण ते फक्त गिळायला.

जन्म माझा उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. अंग पितळेचं, वर चकचकीत मुलामा. तिथून मी राणीगंजच्या हार्डवेअरच्या दुकानात आलो आणि एका हुकाला लटकून राहिलो. एके दिवशी किशोर आणि शर्वरी आले. नवं घर, हौस मोठी. शर्वरीने बेसिन निवडायला अर्धी दुपार घालवली, आरशासाठी तर दुकानदाराला रडकुंडीला आणलं. माझी पाळी आली तेव्हा म्हणाली, "खालचं काहीही चालेल हो, कोण बघतंय!" मला थोडं लागलं ते. पण खोटं काय म्हणाली?

किशोर इथलाच, गौलीगुड्यात वाढलेला, बँकेत नोकरीला. शर्वरी पुण्याची. कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करायला म्हणून हैदराबादला आली आणि इथलीच झाली. त्यांची मुलगी मृण्मयी कॉलेजात जाते. एका वाक्यात तीन भाषा घालते आणि आरशासमोर उभी राहिली की घड्याळाचं भान विसरते. माणसं चांगली आहेत हो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल.

किशोरची आई गेली आणि त्याचे वडील, नामदेवराव, गौलीगुड्यातली खोली बंद करून इथे राहायला आले. सगळे त्यांना आबा म्हणतात. मूळ भालकीकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी बस डेपोत नोकरी लागली आणि जन्म शहरात गेला. गौलीगुड्याच्या त्या खोलीत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. जेवण झालं की ताटातच तांब्यातलं घोटभर पाणी ओतायचं, त्यात बोटं खळबळायची आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्नाचा कण वाया जात नाही, ताटही निम्मं धुऊन निघतं. त्यांच्या वडिलांनी तेच केलं, त्यांनीही जन्मभर तेच केलं.

इथे आल्यावर पहिल्याच जेवणाला त्यांनी तसं केलं. मी काही ते पाहिलं नाही, पण झोपायच्या आधी दात घासताना शर्वरी किशोरला जे म्हणाली, ते माझ्या डोक्यावरच झालं.

"आबांना सांग ना रे. ताटात हात धुतात आणि तेच पाणी पितात. मला बघवत नाही. मृण्मयीच्या मैत्रिणी येतात, काय म्हणतील?"

किशोरच्या तोंडात ब्रश होता. फेस थुंकून म्हणाला, "आमच्याकडे सगळेच..." आणि तिथेच थांबला. मग म्हणाला, "तूच सांग बाई. मी कसं सांगू त्यांना?"

दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, आणि चांगल्या शब्दांत सांगितलं. "आबा, जेवल्यावर हात इथे बेसिनला धूत जा हं. साबण ठेवलाय, टॉवेल ठेवलाय."

"हौ पोरी," आबा म्हणाले. "तुझं बराबर आहे."

त्या दिवसापासून आबा जेवण झालं की ताट घेऊन बाथरूममध्ये यायचे आणि आतून कडी लावायचे. नळाची बारीक धार ताटात धरायचे, भाकरीचे उरलेसुरले कण बोटाने गोळा करायचे आणि उभ्या उभ्या ते पाणी पिऊन टाकायचे. चोरून, कुणी पाहील की काय अशा घाईत. मग साबणाने हात धुवायचे आणि बेसिनच्या कडा आपल्या पंच्याने पुसून काढायचे. माझ्याकडे यायचा तो नुसता साबणाचा फेस. भाकरीचा एक कण त्यांनी कधी खाली सोडला नाही. अन्न मोरीत टाकायचं नसतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाहेरून मात्र काय दिसत होतं? म्हातारा माणूस खरकटं ताट घेऊन आत जातो, नळाचा आवाज येतो आणि माणूस स्वच्छ ताट घेऊन बाहेर येतो. कुणालाही जे वाटलं असतं, तेच शर्वरीला वाटलं.

इकडे माझ्या पोटात निराळाच संसार वाढत होता. शर्वरी आणि मृण्मयी, दोघींचे केस लांबसडक, आणि दोघी विंचरायच्या बेसिनवर. तेल, कंडिशनर, मृण्मयीचं बेसन-हळदीचं लेपण, किशोरच्या दाढीचे खुंट. पूर्वी वर जाळी होती, ती निम्मं अडवायची. पाणी जरा हळू जायला लागलं तेव्हा किशोरने स्क्रू ड्रायव्हर आणून जाळीच काढून टाकली. "आता बघ कसं धडाधड जातं!" गेलं चार दिवस. मग सगळं सरळ माझ्यातच यायला लागलं आणि मी तुडुंब झालो.

उपाय पुष्कळ झाले. शर्वरीने मोबाइलवर बघून खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं. फेस मस्त आला, मला गुदगुल्या झाल्या, केस जिथल्या तिथे. किशोरने रबरी पंप आणला आणि बेसिनच्या काठाखालचं, जादा पाणी जायचं भोक न झाकताच असा काही जोर लावला की सगळी घाण उलटून त्याच्याच बनियनवर आली. आबांनी किटलीभर गरम पाणी सोडलं. त्याने तेल थोडं सैल झालं, एवढंच. मला फिरवून माझा खालचा पेला काढावा, हे कुणाला सुचलं नाही. खालचं कोण बघतं!

आणि नेमकी त्याच आठवड्यात शर्वरीच्या ऑफिसची माणसं जेवायला आली. हात धुवायला एकजण आत आला आणि बेसिन काठोकाठ भरलं. वर काळपट पाणी, त्यावर तेलाचा तवंग आणि वास. शर्वरीची मान खाली गेली. पाहुणे गेल्यावर ती बाथरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, आवाज न चढवता म्हणाली, तेच जास्त वाईट, "आबा, ताट इथे धूत नका जाऊ ना. भाकरीचा सगळा चुरा खाली जाऊन बसलाय. मी हात धुवा म्हटलं होतं, ताट नाही."

किशोर मागून म्हणाला, "आबा, स्वयंपाकघरात ठेवून देत जा. एवढं काय अवघड आहे त्यात?"

मी पाण्याने गळ्यापर्यंत भरलेला. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, माझं पोट उघडून तर बघा! आबांनाही सांगता आलं असतं. पण काय सांगणार? ते पाणी मी खाली सोडत नाही, पितो, असं? ज्याची सुनेला किळस येते तेच मी कडी लावून अजून करतो, असं? त्यापेक्षा चूक कबूल करणं त्यांना सोपं वाटलं असावं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पुन्हा नाही होणार."

त्यानंतर ते भाकरी मागेनासे झाले. भातच बरा म्हणायचे, दात दुखतात म्हणायचे. दात चांगले होते त्यांचे, रोज सकाळी माझ्याच डोक्यावर घासायचे. थोड्याच दिवसांत त्यांनी आरशासमोरच्या फळीवरचा आपला ब्रश आणि पंचा उचलला. बाहेर किशोरला सांगत होते, "खोली बंद ठिवून बरं नाही रे. वाळवी लागते. मी आपला तिकडंच बरा. कितीसं लांब आहे?"

लांब नव्हतंच. रिक्षाने गेलं तर अर्धा तासही लागायचा नाही. पण गेलेलं माणूस गेलंच ना.

आबा गेले आणि पाणी होतं तसंच तुंबलेलं राहिलं. आठवडा गेला तरी तसंच. शेवटी शर्वरीने प्लंबर बोलावला. याकूबभाई आले, खाली बालदी ठेवली आणि माझा पेला फिरवून काढला. माझं सगळं पोट बालदीत पडलं. शर्वरी मोबाइलचा उजेड धरून उभी होती.

"बालाँच बालाँ हैं जी पूरे," याकूबभाई म्हणाले आणि काळ्या केसांचा लांबच लांब बोळा ओढून वर धरला.

"रोटी के टुकडे होंगे न अंदर? अच्छे से देखो."

"रोटी कां से आती? बालाँ हैं, तेल है. जाली कायकू निकाले?"

शर्वरी बालदीत बघत राहिली. केस तिचे होते, मृण्मयीचे होते. पांढरा एकही नव्हता. तेवढ्यात मृण्मयी दारात आली आणि हळूच म्हणाली, "मम्मी, आबा ते पाणी बेसिनमध्ये टाकतच नव्हते. पिऊन टाकायचे. एकदा कडी नीट लागली नव्हती, मी बघितलं. आबा म्हणाले, तुझ्या मम्मीला नक्को सांगू, तिला वाईट वाटतं."

शर्वरीने उजेड बंद केला. याकूबभाईंनी मला धुऊन पुसून पुन्हा बसवलं, नवी जाळी लावली. पाणी आता झरझर जायला लागलं. तिने तिथूनच आबांना फोन लावला. "आबा, ते... तुमच्यामुळे नव्हतं," एवढंच बोलली. पलीकडून आबांचा मोठा आवाज मलाही ऐकू आला, "असू दे ग पोरी. पाणी जातंय ना आता? मग झालं."

गेल्या रविवारी ते आले होते, जेवायला. राहायला नाही. शर्वरीने स्वतःच्या हाताने ज्वारीच्या भाकरी थापल्या. थापण्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता, अडखळत, शिकाऊ. मी वाट बघत होतो. आता जेवण होईल, ताट घेऊन येतील, कडी लागेल, बारीक धार सुटेल. कडी न लावताही चालेल आता, असं मी मनात म्हणत होतो.

तेवढ्यात बाहेरून त्यांचा आवाज आला. "चमचा दे पोरी एक."

भाकरी त्यांनी आमटीत कुस्करली असणार आणि चमच्याने खाल्ली असणार. हात भरलेच नाहीत, मग धुवायचे कशाला? माझ्याकडे आलेच नाहीत ते. दाराशी चपलांचा आवाज झाला, "येतो" म्हणाले आणि गेले.

थोड्या वेळाने शर्वरी आत आली. हातात त्यांचं ताट होतं. चमच्याने खाल्लेलं ताट ते, कडेला कण चिकटून राहिले होते. तिने नळाची बारीक धार ताटात धरली, बोटाने कण गोळा केले, ताट तोंडाजवळ नेलं. तशीच उभी राहिली. ओठ टेकले की नाही, मला खालून कळलं नाही. मग तिने जाळी उचलून बाजूला ठेवली आणि ते पाणी हळूहळू बेसिनमध्ये सोडलं, आणि नळ तसाच सोडून रडली.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात भाकरीचे कण आले. रोज वरून पाणी येतं, पण ते कण मी अजून धरून ठेवले आहेत. तुमच्याही घरात कुठे पाणी तुंबलं, तर माणसांकडे बघायच्या आधी एकदा वाकून माझ्याकडे बघा. एवढंच सांगायचं होतं मला, आणि तेही वेळेवर सांगता आलं नाही.