एकच अपघात

नौदलाच्या मालवाहू जहाजावर त्यानं एकोणीस वर्षं क्रेन चालवली. जिथं धक्का नसेल तिथं जहाज किनाऱ्यापासून लांब नांगर टाकी आणि तो ट्रक, तंबू, औषधांची खोकी खालच्या होड्यांत अलगद उतरवी. सगळे त्याला वस्ताद म्हणत.

आता जहाज मोडीत निघणार होतं. निरोपाच्या सकाळी जुन्या लोकांना बोलावणं होतं. सुनेनं इस्त्री करून दिलेला कोट घालून वस्ताद पहिल्या रांगेत बसला. त्याच्या मुलाच्या वयाचा कप्तान कागदावरून वाचत होता. एकतीस वर्षं सेवा. असंख्य सराव. भूकंपात नऊ हजार माणसांना रसद. "आणि एवढ्या वर्षांत एकच अपघात. तोही इशारा देणाऱ्या खलाशाच्या चुकीमुळे."

टाळ्या पडल्या. वस्तादचे हात मांडीवरच राहिले.

कठड्याशी उभा राहून इशारे देणारा त्याचा जोडीदार अंगानं किडकिडीत, म्हणून त्याचं नाव काटक्या. त्या दिवशी ट्रक खाली जात असताना काटक्यानं मूठ वर केली होती. मूठ म्हणजे थांब. पण वस्ताद मागे वळून कुणाच्या तरी विनोदावर हसत होता. ट्रक होडीवर आदळला आणि एका खलाशाला पाय गमवावा लागला. चौकशीत वस्ताद म्हणाला, "मला 'सोड' असाच इशारा मिळाला." त्याच्या शब्दाला वजन होतं. काटक्याची नोकरी गेली.

कार्यक्रम संपल्यावर वस्ताद कप्तानापाशी गेला. "साहेब, ते वाक्य खोटं आहे. चूक माझी होती."

"काका, आता कशाला जुनी मढी उकरता? जहाजच राहिलं नाही."

"मला लिहून द्यायचंय."

कप्तानानं नाइलाजानं कागद दिला. वस्तादनं चार ओळी लिहिल्या, सही केली, कागद त्याच्या हाती दिला आणि तिथूनच काटक्याच्या घराकडची बस पकडली.

काटक्या तिसऱ्या मजल्यावर राहत होता. खिडकीशी बसून कुणाचं तरी शिवणयंत्र दुरुस्त करत होता. "ये," तो म्हणाला, पण उठला नाही.

"मी तुझा इशारा बघितलाच नव्हता," वस्ताद दारातूनच म्हणाला.

"माहीत आहे. तुझी पाठ होती माझ्याकडे."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"बोललो की. दोनदा. ऐकतंय कोण?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वस्तादला झालं.

काटक्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मला सांगून काय उपयोग? माझ्या लेकीला सांग. बाप कामचुकार, हे ऐकत ती मोठी झाली. मी सांगतो ते तिला खरं वाटत नाही." त्यानं हाक मारली.

लेक ओले हात पुसत आतून आली. "वस्तादकाका! किती वर्षांनी! बसा ना, चहा टाकते."

त्या 'काका'नं वस्तादची मान खाली गेली. "चहा नको, पोरी. आधी ऐकून घे."

त्यानं सगळं सांगितलं. विनोदावर हसल्याचंही सांगितलं. सांगताना एकदाही तिच्याकडे बघवलं नाही.

ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगत होतात. आणि मी..." ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्याचा तेलकट हात तिनं हातात घेतला.

वस्तादला पुन्हा बसा कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तो चपला पायात सरकवून जिना उतरू लागला.