बॉयलरखोलीतला पांढरा थर

“औषधं वाढवत नाहीत, पायऱ्या तेवढ्या वाढवून ठेवल्यात,” मिस्त्रींची बायको इस्पितळाच्या तळघराच्या जिन्यावर पुटपुटली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

तिची धाप ओसरेपर्यंत मिस्त्री खालच्या पायरीवर थांबले. “वरच बसायचं होतंस.”

“त्या बाकावर? शेजारची बाई स्वतःचा एक्स-रे सगळ्यांना लग्नाच्या फोटोसारखा दाखवतेय.”

सरकारी इस्पितळाच्या या बॉयलरखोलीत मिस्त्रींची उभी हयात गेली होती. आता इमारत दुरुस्तीला काढली होती, आणि त्याआधी कुठे फुफ्फुसांना घातक असं अ‍ॅस्बेस्टॉस आहे का ते शोधायला तपासनीस बाई आली होती. जुन्या नळांवर काय थापलंय हे सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून निवृत्त मिस्त्रींना बोलावणं. नेमकं आजच बायकोला छातीच्या डॉक्टरांनी बोलावलेलं.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणी धुळीचं काम करायचं का? मिस्त्री पंख्याकडे बघत राहिले. बायकोच म्हणाली, “छे हो, चुलीचा धूर असेल.” लग्न झाल्यापासून गॅसवर स्वयंपाक केलेली बाई. विषय तिथेच मिटला. घरी आल्यावरही दोघांपैकी कुणी तो काढला नाही. जेवताना मीठ कमी पडलं, तेवढ्यावर मात्र पुष्कळ बोलणं झालं.

तपासनीस बाईने दोघांना मास्क दिले आणि दाराशीच थांबवलं. आतल्या वाफेच्या नळावरचा पांढरा थर एके ठिकाणी फुटला होता. मिस्त्री सवयीने पुढे झाले.

“नका, काका. हात नका लावू.”

तिने पाणी फवारून थर भिजवला, नखाएवढा तुकडा कापला, पिशवीत पिशवी घालून बंद केला आणि उघड्या जागेवर चिकटपट्टी लावली. “नुसतं बघून कळत नाही. प्रयोगशाळेत पाठवावं लागतं.”

“पोत्यातून पूड यायची,” मिस्त्री दारातून म्हणाले. “पाण्यात कालवायची, कणकेसारखी मळायची आणि थापायची. माझ्यासारखी मळणारा दुसरा नव्हता.”

“घरात कधी कणकेला हात लावला नाही ते,” बायको मास्कच्या आडून म्हणाली.

तपासनीस हसली. “सगळं अंगावर उडत असेल. कामाचे कपडे कुठे धुवायचे?”



“इथंच की,” बायको लगबगीने म्हणाली. “इस्पितळाचं धोबीघर होतं ना.” एवढं बोलूनही तिला दम लागला. खांदे वरखाली होत राहिले.

मिस्त्री त्या खांद्यांकडे बघत होते.

“धोबीघरात चादरी जायच्या,” ते म्हणाले. “माझे कपडे घरी. ही दारात उभी राहून झटकायची. खिसेसुद्धा उलटे करून.”

“अहो, असू द्या ना.”

“नाही. वर डॉक्टरांनाही सांगायचंय मला. माझ्या कपड्यांतली धूळ हिच्या छातीत गेलीय.”