मधल्या चार ओळी

ओदिल फ्रान्समधल्या बोन गावात उतरली तेव्हा वेशीच्या आतपर्यंत आंबलेल्या द्राक्षांचा वास आला होता. सप्टेंबर संपत आला की गावाला हा वास लागतोच. ट्रॅक्टरमागून सांडलेला रस रस्त्याला चिकटतो आणि बुटांचे तळवे चिकचिकतात. पर्यटक नाक वर करून छान छान म्हणतात. ओदिलला मात्र हा वास लहानपणापासून नकोसा.

तिला न्यायला आन्सेल्म शार्लू स्वतः स्टेशनवर आला होता. पंचाहत्तरीचा, पण ताठ.

"ये पोरी, ये! किती वर्षांनी आलीस! लेओनचं कळलं तेव्हा फार वाईट वाटलं बघ."

लेओन म्हणजे ओदिलचा सावत्र बाप. गेल्या हिवाळ्यात तो वारला आणि टेकडीवरच्या द्राक्षवेलींच्या चार ओळी ओदिलच्या नावावर करून गेला. चारच ओळी, पण बरोबर शार्लूच्या मळ्याच्या मधोमध. तिथवर जायची वाटही शार्लूच्या वेलींमधून. शार्लूच्या बापाने त्या मागितल्या, आजाने मागितल्या. लेओनच्या घराण्याने कधी दिल्या नाहीत. आता ओदिल विकेल, असं आन्सेल्मने गृहीतच धरलं होतं. चालता चालता तो सहज म्हणाला, "तुझी द्राक्षंही आमच्याच माणसांनी तोडली हं. म्हटलं, पोरीला कुठे त्रास. उगाच पाखरांनी खाल्ली असती."

"विचारलं असतंत तर बरं झालं असतं," ओदिल म्हणाली.

"घरच्या माणसांना काय विचारायचं?"

घरची माणसं! ओदिलने दातावर दात दाबले.

ओदिलची आई जिनेत याच माणसाच्या घरी स्वयंपाकीण होती. ओदिल तेव्हा नऊ वर्षांची. तोडणी संपल्यावर अंगणात लांब टेबलं मांडून मजुरांना जेवण देतात, तशी ती पंगत बसली होती. गाईच्या मांसाचा रस्सा आईने दोन दिवस खपून केलेला. आणि आन्सेल्म मध्येच उठून म्हणाला होता, चांदीचे चमचे गेलेत, जिनेत, तुझी पिशवी टेबलावर उलटी कर.

आईने केली. ॲप्रन, फणी, पावाचा टोकाचा तुकडा, ओदिलचे रफू केलेले मोजे. चमचे नव्हते. तरीही तो म्हणाला, "म्हणजे आधीच विकलेस. माझ्या घरात मी चोर पोसत नाही." चाळीस माणसं खाली मान घालून रस्सा खात राहिली. आई ओदिलचा हात धरून बाहेर पडली, आणि त्या दिवशी गावात एकट्या लेओनने तिला दार उघडलं. पुढे त्याने तिच्याशी लग्न केलं. पण बाजारात बायका तिला पाहून पिशव्या जवळ ओढू लागल्या, तेव्हा ती दोघं ओदिलला घेऊन जवळच्या दिजों शहरात राहायला गेली. लेओन आपल्या चार ओळींसाठी दर शनिवारी येत राहिला.

दोन वर्षांनी ते चमचे दिजोंच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडले. आन्सेल्मच्या धाकट्या भावाने, रेजीने, ते ओळखले. दुकानदार म्हणाला, हे तर आन्सेल्मसाहेबांनीच विकले, घोड्यांच्या शर्यतीत हरल्यावर. रेजीने घरात हे बोलून दाखवलं, म्हणून वाटणीत त्याच्या वाट्याला सडकेकडेची पाणथळ जमीन आली. भावाभावांचं बोलणं तेव्हापासून बंद. गावाला सगळं ठाऊक होतं. जिनेतची माफी मागायला मात्र कुणी गेलं नाही.

त्या रात्री आन्सेल्मने आपल्या घरी ओदिलच्या जेवणात काही कमी ठेवलं नाही. चीज घातलेले गरम फुगीर पाव, लसणाच्या लोण्यातल्या गोगलगायी, तळघरातून आणलेली जुनी बाटली. ओदिलने सगळं चवीने खाल्लं. मग ग्लास खाली ठेवून म्हणाली, "साहेब, विकीन. पण आधी एक करायचं. उद्या तुमच्या तोडणीची पंगत आहे ना? तिथे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, की माझ्या आईने चोरी केली नव्हती."

तिला वाटलं होतं, म्हातारा भडकेल. तो हसला. "एवढंच? अगं, माझ्याच मनात होतं! परवा सकाळी नोटरीकडे सह्या करू."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच अंगणात तो ग्लास घेऊन उठला आणि काय बोलला! तरुणपणीची घाई, माणसाची चूक, वय झाल्यावर येणारं शहाणपण. "आमच्या एका स्वयंपाकिणीवर माझ्याकडून अन्याय झाला. आज तिची लेक आपल्यात बसली आहे. मी मान झुकवतो." आवाजही कापरा केला त्याने. टाळ्या पडल्या. शेजारची बाई डोळे पुसत ओदिलला म्हणाली, "केवढ्या मोठ्या मनाचा माणूस!"

ओदिलने ताट बाजूला सारलं. सूड घ्यायला आली होती ती, आणि त्याने फुकटात मोठेपणा मिळवला.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीतून तिने दिजोंला फोन लावला. जिनेत आता एक्क्याऐंशीची, पण कान तिखट.

"बोलला?"

"बोलला, आई. सगळ्यांसमोर."

"कोण कोण होतं? बेकरीवाल्याची थोरली होती?"

"होती. रडली."

"आता रडते भवानी! बरं, नक्की काय म्हणाला? शब्द सांग."

ओदिलने सांगितले. 

"माझं नाव घेतलं?"

ओदिलने आठवून पाहिलं. "नाही गं."

"चोर म्हणताना घेतलं होतं. चांगलं खणखणीत. मग आज माफी कुणाची मागितली, मेल्याने? चुलीची?" आई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

ओदिलने कोट चढवला आणि ती तटाखालच्या वस्तीत रेजीच्या घरी गेली. तो अंगणात द्राक्षरसाचे पाइप धूत होता, हात कोपरापर्यंत जांभळे.

"रेजीकाका, मधल्या चार ओळी घेता? आन्सेल्म देणार होता त्याच किमतीला."

रेजीने नळ बंद केला. "चेष्टा करतेस म्हाताऱ्याची?"

"नाही. एकच अट. रोज जायचं तिथे. त्याच्या मळ्यामधून, त्याच्या खिडकीसमोरून."

"रोज?" रेजी म्हणाला. "अगं, मी दिवसातून दोनदा जाईन! आणि कुत्रं नेईन. ते फार भुंकतं."

सकाळी नोटरीच्या कचेरीत आन्सेल्म आधीच येऊन बसला होता. नव्या शर्टात, पायाशी दोन बाटल्या. ओदिलच्या मागून भाऊ आत शिरताना दिसला आणि त्याचं हसू मावळलं.

"हा इथे कशाला?"

"खरेदीदार बदललाय," ओदिल नोटरीला म्हणाली. "रेजी शार्लू असं घाला."

आन्सेल्म खुर्चीतून उठलाच. "मी माफी मागितली! अख्ख्या गावासमोर मागितली! तू शब्द दिला होतास."

"कुणाची माफी?"

"कुणाची म्हणजे? तुझ्या आईची!"

"नाव सांगा तिचं. आत्ता नाव सांगा, मी पुन्हा कागद बदलते."

आन्सेल्मने तोंड उघडलं. नोटरीने लेखणी वर धरली. "ती… मार्गरीत," तो म्हणाला. ओदिलने नकारार्थी मान हलवली. "नाही, नाही, जर्मेन… अगं, किती वर्षं झाली! एवढी माणसं येतात, जातात…"

ओदिलला वाटलं होतं, तो मुद्दाम नाव टाळतोय. खरं तर त्याला ते आठवतच नव्हतं.  आईची सगळी हयात त्या एका दुपारच्या ओझ्याखाली दबून गेली होती आणि या माणसाला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

"जिनेत वाशे," रेजी म्हणाला. "रस्सा फार छान करायची. दे इकडे कागद, कुठे सही करू?"

आन्सेल्म बाटल्या तिथेच विसरून निघून गेला. रेजीने त्या उचलल्या आणि एक नोटरीला दिली.

ऑक्टोबरात वेलींची पानं पिवळी पडली तेव्हा ओदिल आईला गाडीने घेऊन आली. रेजीचा हात धरून जिनेत शार्लूच्या मळ्यातून चालत वर गेली. वाटेत थांबायची, दम खायची, पुन्हा चालायची. कुत्रं पुढे भुंकत होतं. चार ओळींच्या टोकाला रेजीने स्टूल ठेवलं होतं. खाली शार्लूचं घर, वरच्या मजल्याची खिडकी उघडी, खिडकीत तो.

जिनेतने मांडीवर रुमाल पसरला, पाव काढला, मांसाचा थंड तुकडा काढला आणि जेवायला सुरुवात केली. घास बत्तीस वेळा चावावा तसं जेवली. थोड्या वेळाने खिडकी धाडकन लागली.

"चल आई, गार वारा सुटलाय," ओदिल म्हणाली.

"थांब गं. पडद्याआडून बघत असेल." जिनेतने आणखी एक तुकडा मोडला. "आणि उद्या येताना मोहरीची चटणी आण. आज विसरलीस."