ओढ्यापलीकडची कुरणं

बेलितोने संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवला आणि भर चर्चमध्ये शपथेवर सांगितलं, की कॅस्टिल परगण्याची शीव ओढ्यापाशी संपत नाही. ती पार पलीकडच्या कड्यापर्यंत जाते, आजोबांच्या वेळेपासून. ते खोटं होतं. पण चाळीस वर्षं त्या डोंगरात मेंढ्या राखलेल्या माणसाला खोटं कोण पाडणार? म्हणून तर उमरावाचा कारभारी तेल्यो त्याच्याकडे आला होता.

त्या वर्षी हवाच तशी होती. परगण्याच्या उमरावाने लेऑनच्या राजाला जुमानणं सोडलं होतं. न्यायासाठी आठ दिवस पायपीट करून लेऑन गाठायचं, महिनाभर ताटकळायचं आणि वर आपल्या बोलीची टिंगल ऐकायची, याला लोक विटले होते. आता निवाडा आपल्याच मातीत होणार म्हणून गावोगाव लोक नाचले, बेलितोही नाचला. तेल्यो म्हणाला होता, परगणा वाढवायचा तर पलीकडची कुरणं हवीत आणि त्यासाठी एक जुना माणूस हवा. बदल्यात घोडा मिळेल, आणि घोडा असलेला माणूस कुणाचं कूळ राहत नाही. बेलितोच्या घराण्यात आजवर घोड्यावर कुणी बसलं नव्हतं.

त्याची थोरली बहीण गुतिना ओढ्यापलीकडच्याच गावात दिली होती. तिथे फक्त मालक बदलेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

वसंतात उमरावाचे स्वार गेले. कुरणं उमरावाने मठाला दान दिली आणि गुतिनाच्या गावाला एक मेंढी चारण्यापुरतीही जागा उरली नाही. हिवाळ्याआधी त्यांनी दक्षिणेला दुएरो नदीपलीकडची ओसाड जमीन वसवावी, असा हुकूम निघाला. तिथे दक्षिणेत राज्य करणाऱ्या मुसलमान मूरांच्या धाडी पडत.

बेलितो बहिणीकडे गेला तेव्हा घोडा त्याने गावाबाहेरच बांधला. गुतिना फळीवरून चीज उतरवून टोपलीत भरत होती. तिने त्याला भाकर दिली. तो काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "लहानपणी तू ओढा ओलांडलास म्हणून बाबांनी तुला झोडपलं होतं. तुझ्या पाठीला चरबी मी चोळली होती. आणि तू शीव विसरलास होय रे?"

त्याने भाकर खाली ठेवली. चुकलो, असं तो पुटपुटला.

"मला सांगून काय उपयोग? जिथे बोललास तिथे जाऊन सांग."

तो उमरावाच्या ठाण्याला, बुर्गोसला गेला. तेल्यो रागावला नाही. त्याने त्याला शेजारी बसवलं, वाइन ओतली, सगळं ऐकून घेतलं.

"बरं, खोटी साक्ष दिलीस," तो म्हणाला. "आता दाद कुणाकडे मागतोस? उमरावाकडेच ना?"

"लेऑनला जाईन."

"लेऑनचं इथे आता काय चालतं, बाबा? तेच तर आपल्याला नको होतं."

बेलितो वाइन तशीच ठेवून उठला. रविवारी प्रार्थना संपल्यावर त्याच पेटीसमोर उभं राहून त्याने आपलं खोटं गावाला सांगितलं. लोक मान खाली घालून ऐकत राहिले. मठाच्या परवानगीने त्यांच्याही मेंढ्या आता त्या कुरणांत चरत होत्या. पाद्रीबाबांनी त्याला चाळीस दिवस पाणी आणि भाकरीवर राहायला सांगितलं. ते त्याने केलं. पोट आत गेलं, पण मनावरचं ओझं तसूभरही हललं नाही.

गुतिनाचं गाव निघालं त्या सकाळी तो घोडा घेऊन तिच्या दारात उभा राहिला. तिच्या म्हाताऱ्या सासूला त्याने घोड्यावर बसवलं आणि स्वतः लगाम धरून चालू लागला. चार दिवस बहीण एक शब्दही बोलली नाही. पाचव्या दिवशी दुएरोच्या उथळ उताराशी मेंढ्या पाण्याला बिचकल्या, तेव्हा ती म्हणाली, "उभा काय राहिलास? पुढची धर, बाकीच्या येतील मागून."

नदीपलीकडे त्यांनी दगड रचून घरं बांधली. त्या मुलखावरही पुढे कॅस्टिलचंच नाव लागलं आणि परगणा आणखी मोठा झाला. बेलितो माघारी गेला नाही. धाडीची चाहूल लागली की टेकडीवर सगळ्यांत पुढे तोच असे. गुतिना त्याला रोज जेवायला वाढायची. पण 'जाऊ दे आता' असं ती कधी म्हणाली नाही, आणि त्यानेही तिच्याकडे ते मागितलं नाही.