दोनदाच ओढायची पिचकारी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पिचकारी आहे. रंगपंचमीची नव्हे हं! माझं तारुण्य लोहा गावाकडच्या कापसावर औषध फवारण्यात गेलं. लोक औषध म्हणत, होतं ते विष. मग दुष्काळ पडला, कापूस करपला आणि मी नांदेडच्या भंगारात जाऊन पडले.

तिथून मला सिद्रामप्पांनी उचललं. लातूरजवळच्या एका खेड्यात ते विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत. विहिरीच आटल्या, तेव्हा रिकामं बसवेना म्हणून त्यांनी चक्क विमान बांधायला घेतलं! लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पुढे जुन्या मोटारीचं इंजिन. गावाने त्यांना वेड्यात काढलं.

गार सकाळी ते इंजिन काही केल्या सुरू होत नसे. थंड इंजिनाला आधी घोटभर पेट्रोल पाजावं लागतं, आणि ते काम आप्पांनी मला दिलं. विषाचा वास जाईपर्यंत मला धुतलं, एरंडेलात भिजवलेलं नवं चामडी वायसर आत घातलं आणि चालकासमोरच्या फळीवर बसवलं. एक नळी टाकीतून माझ्याकडे, दुसरी माझ्याकडून इंजिनाच्या घशात. दट्ट्या ओढला की मी पेट्रोल भरून घ्यायची, दाबला की पाजायची. काम झाल्यावर दट्ट्या फिरवून खटका लावायचा, नाहीतर इंजिन माझ्यातून पेट्रोल ओढत राहतं आणि धापा टाकतं. जन्मभर विष थुंकलेल्या तोंडाला पाजायचं काम मिळालं. आप्पांचे उपकार मी कसे विसरू?

विमान पळवायला जागा एकच होती, गावचं आटलेलं तळं. पण लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आणि नव्या कचेरीने त्याच तळ्यातला गाळ काढायचं दुष्काळी काम मंजूर केलं. पौषातल्या एका सकाळी आम्ही तिथे पोचलो, तर मजूर कुदळी घेऊन हजर! आज तळं खणलं की विमान कायमचं जमिनीवर राहणार होतं.

"आप्पा, लोकांच्या चुली ह्या कामावर हायेत," मुकादम गुणाबाई म्हणाली. "मला थांबता येत न्हाई. पर ऊन वर येईस्तोवर तळं तुमचं."

"हाव, तेवढं लई झालं," आप्पा म्हणाले.

इंजिन सुरू करायला विमानाचा पंखा हाताने फिरवावा लागे, त्यासाठी आप्पा पुढे उभे राहिले. माझ्याजवळ त्यांची बायको गुरम्मा बसली. "दोनदाच ओढून दाब," त्यांनी बजावलं. पण गुरम्माचा हात दोन वर्षं गावच्या हापशावर घासलेला! तिथे चाळीसदा हापसल्याशिवाय घागरीत थेंब पडत नसे. हात जो सुटला तो थांबेचना. पेट्रोल खाली ठिबकू लागलं. आप्पांनी पंखा फिरवून फिरवून घाम गाळला, इंजिन आपलं ढिम्म.

"किती येळा दाबलीस?"

"मोजलं न्हाई वो," गुरम्मा रडकुंडीला आली. "हापसा चाळिसाबिगर बोलतच न्हाई!"

मजूर खो खो हसले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा मात्र रागावले नाहीत. "तुझा हात न्हाई चुकला, दुष्काळानं त्याला तसं शिकवलंय," म्हणत त्यांनी जादा पेट्रोलने भिजलेले इंजिनाचे प्लग काढले, पुसले, वाळत ठेवले. ऊन चढत होतं. गुणाबाई सूर्याकडे पाठ करून उभी राहिली आणि मजुरांना म्हणाली, "कुटं आलंय ऊन? मला तर दिसंना."

दुसऱ्या खेपेला गुरम्माने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. एक. दोन. थांबली. खटका लावला. पंखा फिरला आणि इंजिन गरजलं! ती उतरली, आप्पा चढले, गुणाबाईने चाकांखालचे दगड काढले. कडुलिंबाच्या शेंड्याएवढे वर जाऊन आम्ही तळ्याला एक चक्कर मारली आणि सुखरूप टेकलो. उतरल्याबरोबर आप्पांनी गुणाबाईकडून कुदळ मागून घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला.

ते तळं आता भरतं. विमान पुन्हा उडालं नाही. आप्पाही राहिले नाहीत. मित्रांनो, वायसर सुकलं की आमच्यासारख्यांचा जीव जातो. घरातल्या जुन्या वस्तूला वर्षातून एकदा तरी तेलाचं बोट लावा. माझी गुरम्मा दर दसऱ्याला मला कोनाड्यातून काढते, एरंडेल सोडते. आता घरात नळ आहे, हापसा कधीच गंजला. तरी ती डाव्या हाताने उजवं मनगट धरते, मला दोनदाच ओढते आणि खटका लावते.